भुरीनं ठरवलेला पूल

पांढरवाडीच्या हरिबा कोकऱ्यांकडं मेंढरं उरली नव्हती. मेंढी उरली होती. एका मेंढीला कळप म्हणत नाहीत हे कुणालाही कळतं, पण हरिबांना ते कधी पटलं नाही. सकाळी खांद्यावर घोंगडं, हातात काठी, डोक्याला पागोटं असा सगळा जामानिमा करून ते घरातून निघत. नवख्याला वाटावं, मागून आता शे-दीडशे जनावर धुरळा उडवत येणार. मागून यायची ती एकटी भुरी. पारावरची पोरं हमखास विचारायची, "आबा, मोजून घ्या, एखादी मागं राहिली असंल."

आबाही वळून बघायचे, बोटांवर मोजल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "भरली. चला."

उसानं रानं भरली, बांध नांगरून गेले, चराईला जागा उरली नाही, तसा कळप गेला आणि हरिबा शेतकरी झाले. म्हणजे सातबाऱ्यावर झाले. पायांना ते कुणी कळवलंच नाही. घरात बसले की पाय दुखायचे, चालले की थांबायचे. डॉक्टरांनी गुडघ्यांचा फोटो काढून सांगितलं होतं, की आता फार लांब चालायचं नाही. लांब म्हणजे किती, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं आणि आबांनी विचारलं नव्हतं. दोघंही शहाणे.

त्यांचं रोजचं चालणं मात्र ठरलेलं होतं. गावाच्या खालच्या अंगाला भीमेवर जुना फरशी पूल होता. पूल ओलांडला की दौंड तालुका लागायचा आणि दौंड तालुक्यात पहिलं घर लागायचं ते साधनाचं, आबांच्या एकुलत्या एक लेकीचं. "लेक हाकेच्या अंतरावर दिली," असं आबा सांगायचे, आणि मग प्रामाणिकपणे जोडायचे, "हाक जरा मोठी मारावी लागती." रोज दिवस कलताना ते पूल ओलांडून जायचे, भुरी मागून. साधना तव्यावरची भाकरी थेट हातावर द्यायची. आबा भाकरी खायचे, भुरी भाकरीचा काठ खायची, आणि अंधार पडायच्या आत कळप माघारी. गिताबाई, म्हणजे आबांची बायको, गेल्यापासून त्यांना दिवसभरात भूक अशी ही एकदाच लागायची. सून घरी चांगलं करून वाढायची, पण त्याला ते 'जेवण' म्हणायचे. भूक पुलापलीकडं होती.

सासरा रोज जेवायला येतो म्हणून जावयानं कधी तोंड वाकडं केलं नाही. उलट एखाद्या दिवशी आबा गेले नाहीत, तर विहीणबाई ओसरीवरून विचारायच्या, "आज कळप कुठं गेला गं?"

पुढं विहीणबाईंनी अंथरूण धरलं. त्यांचं सगळं अंथरुणातच, आणि जावई कारखान्यात पाळीवर. साधनाला उंबरा सोडणं मुश्कील झालं. माहेरी येणं सुटलं. आता माहेरच तेवढं रोज संध्याकाळी पागोटं बांधून तिच्याकडं जात राहिलं.

आणि गेल्या पावसाळ्यात भीमेनं पुलाचा मधला भाग नेला.

माणूस कुणी गेलं नाही. पूल वाहनांना आधीच बंद होता. 'पूल धोकादायक आहे' असा फलक लावलेला होता आणि त्या फलकाला वळसा घालून सगळं गाव पायी जातच होतं. पाणी ओसरल्यावर दिसलं, की या बाजूनं थोडा पूल आहे, त्या बाजूनं थोडा पूल आहे आणि मधे नुसती नदी आहे. आबा त्या संध्याकाळी सवयीनं गेले. तुटक्या टोकापाशी थांबले. पलीकडच्या टोकावर साधना आली होती. पाण्याच्या आवाजात बोलणं कळेना. तिनं हाताचा घास तोंडाशी नेऊन विचारलं, जेवलात का? आबांनी पोटावरून हात फिरवून सांगितलं, जेवलो. मग त्यांनी तसंच तिला विचारलं. तिनंही पोटावरून हात फिरवला. दोघंही खोटं बोलले आणि घरी गेले.

त्यानंतर आबा पुलाकडं फिरकले नाहीत. पलीकडचं छप्पर दिसायचं आणि पायाखाली वाट नसायची, हे त्यांच्यानं बघवेना. गावाबाहेर लिंबापाशी वाट फुटते: खालची पुलाकडं, वरची गायरानाकडं. आबा वरच्या वाटेनं जायला लागले. सुरुवातीला भुरी लिंबापाशी थांबायची, खालच्या वाटेकडं तोंड करून उभी राहायची. आबा जीभ टाळूला लावून 'ट्रर्र' करायचे. ती लहानपणापासून ओळखत असलेली हाक. मग ती यायची. काही दिवसांनी ती लिंबापाशी थांबायची बंद झाली. हे आबांच्या ध्यानातही आलं नाही. सुटका झाल्यावर कोण मोजत बसतं?

साधनाचा फोन यायचा. सून फोन हातात द्यायची, पडद्यावर साधना दिसायची. आबा तिला बघायचं सोडून फोन कानाला लावायचे. "आबा, कान नका दाखवू, तोंड दाखवा," असं ती रोज म्हणायची. रस्त्यानं तिकडं जायचं तर लांबचा वळसा, दोन एसट्या आणि मधे फाट्यावर उभं राहणं. एकदा गेले तसे, तर गुडघे सुजून आठवडाभर पडून राहिले. तेव्हापासून साधनानंच शपथ घातली, की असं यायचं नाही, नवा पूल झाल्यावर या.

नवा पूल मंजूर झाला, ही पांढरवाडीची आनंदाची बातमी साधारण दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी बांधकाम खात्याचे एक तरुण साहेब आले, सत्यजीत नावाचे. त्यांनी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नकाशा लावला. नकाशात नदी निळी होती, ती बघूनच निम्म्या गावाचा विश्वास उडाला. साहेबांनी सांगितलं, पूल दोन ठिकाणी होऊ शकतो. एक खाली, जुन्या पुलापाशीच. दुसरा वर, गायरानाच्या पुढं, खडक आहे तिथं. खर्च, काम, जवळपास सारखंच. "गावानं एकमतानं एक जागा सांगावी," साहेब म्हणाले. "एकमत नसेल तर फाइल मागं जाईल. मग कधी येईल, मी सांगू शकत नाही."

एकमत! पांढरवाडीत वरातीला कुठला बँड आणायचा यावर एकमत होत नाही. मग वाजंत्री येतात आणि बँडही येतो.

वरच्या पुलाची बाजू मच्छिंद्रनं उचलली. त्याचे उसाचे ट्रॅक्टर होते. वरून पूल झाला तर गाडी सरळ पाटसच्या रस्त्याला लागणार होती. त्याच्या मागं कारखान्यांत कामाला जाणारी सगळी तरुण मंडळी होती, आणि त्यांत आबांचा मुलगा हनुमंतही होता. हनुमंत पलीकडं हायवेच्या एका कंपनीत पाळीला जायचा. पूल पडल्यापासून त्या लांबच्या वळशानं मोटारसायकल हाणत, पाठ मोडून घरी यायचा. वरून साधनाच्या घरापर्यंतचं अंतर आबांच्या गुडघ्यांना झेपणार नव्हतं, तरी हनुमंताला वरचा पूल हवा होता यात त्याचं काय चुकलं, हे आबांना शोधूनही सापडत नव्हतं.

खालच्या पुलाची बाजू बबनरावांची. बबनराव शाळेत शिपाई म्हणून रिटायर झालेले. त्यांची बुद्धवस्ती गावाच्या खालच्या टोकाला. जुना पूल वस्तीपासूनच सुरू व्हायचा, त्यामुळं एसटीचा थांबा वस्तीच्या तोंडाशी, दवाखान्याची गाडी तिथनंच जायची. पूल वर गेला की रस्ता वर जाणार आणि वस्ती पुन्हा गावाच्या शेपटाला. "पुन्हा म्हणजे काय, हे मी सांगायला नको," एवढंच ते म्हणायचे, आणि मग सगळे नकाशाकडं बघायचे.

बबनराव आणि हरिबा एका वर्गात होते. जितके दिवस हरिबा शाळेत होते तितके दिवस. बबनरावांना नोकरी लागली त्या दिवसापासून हरिबांनी त्यांना अहो-जाहो सुरू केलं, आणि ते रिटायर झाल्यावरही थांबवलं नाही. बबनराव मात्र त्यांना अरे-तुरेच करायचे. गावात हरिबांना 'अरे' म्हणणारं आता ते एकच माणूस उरलं होतं.

ग्रामसभा भरली. सरपंच शेवंताबाईंनी दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"मतदान घ्या," बबनराव उभं राहून म्हणाले. "हात वर करा, मोजा, संपलं. घटनेनं त्याचसाठी मत दिलंय."

"भावाच्या तोंडावर हात वर कोण करणार?" शेवंताबाई म्हणाल्या. "पडद्याआडचं मत येगळं. ह्याच गावात पुढं तीन लग्नं लावायची हायत मला. एका घरातलं वऱ्हाड दोन मांडवांत जेवायला बसवू का?"

"आन् हात मोजून एकमत व्हतंय व्हय?" मच्छिंद्र म्हणाला. "फूट दिसली की फाइल माघारी."

कुणीतरी म्हणालं, "आबांना इचारा. आबा काय म्हणत्यात?"

आबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते हळूच म्हणाले, "आमच्या बापजाद्यांनी नदीला कवा मत दिलं न्हाई. कळप घिऊन काठावर आलं की म्होरकी मेंढी सोडायची. ती जिथनं पाण्याकडं जाईल तिथनं उतरायचं. धन्यानं मागं उभं ऱ्हायाचं. हाक मारायची न्हाई, खडा मारायचा न्हाई. भांडण नव्हतंच ना मग. मेंढीसंगं कोण भांडतंय?"

सभा हसली. मग हसता हसता गप्प झाली. मेंढीनं ठरवलं तर कुणाचा हात वर जाणार नव्हता. कुणी कुणाच्या विरुद्ध जाणार नव्हतं. मच्छिंद्रनं मान हलवली. मेंढरू गायरानाकडं जाणार नाही तर कुठं जाणार, असा त्याचा हिशेब. शेवंताबाई म्हणाल्या, "चालंल मला. पर सायबाला कुणी सांगू नका."

बबनराव तेवढे तडकले. "अरे, माणसं मंगळावर यंत्र पाठवायला लागली आणि तुम्ही पूल मेंढीला विचारणार? माझा विरोध लिहून घ्या!"

सभा सुटल्यावर आबांनी त्यांना बाजूला घेतलं. डोळ्यांत, फार दिवसांनी, चमक होती.

"बबनराव, वरडू नका. भुरी रोज कुठनं जायाची, ठाव हाय का न्हाई तुमास्नी?"

बबनरावांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरल्या. किती वर्षं त्यांनी आपल्या दारातून तो कळप पुलाकडं जाताना बघितला होता! "लबाडा," ते म्हणाले. "म्हणजे तू..."

"मी कायबी न्हाई. माणूस वाट इसरतंय. मेंढरू इसरत न्हाई."

"मग माझा विरोध," बबनराव इकडंतिकडं बघत म्हणाले, "तात्पुरता स्थगित."

आबांनी त्या दिवशी सुनेला स्वतःहून फोन लावायला सांगितला. "साधने," ते कान दाखवत म्हणाले, "तवा धुऊन ठेव."

ठरलेल्या दिवशी सकाळी सगळं गाव लिंबापाशी जमलं. आबांनी भुरीला धुतली होती, गळ्यात नवा गोंडा बांधला होता. वरच्या वाटेला मच्छिंद्रची माणसं, खालच्या वाटेला बबनराव आणि वस्तीतली मंडळी. हनुमंत रात्रपाळी करून थेट तिथंच आला होता. हेल्मेट हातात, डोळे लाल, वरच्या बाजूला उभा. बापलेकांनी एकमेकांकडं बघितलं आणि दोघांनीही भुरीकडं बघितलं.

आबांनी तिची पाठ थोपटली आणि सोडली. स्वतः मागं उभे राहिले.

भुरी चार पावलं गेली. इतकी माणसं गप्प उभी राहिलेली तिनं कधी बघितली नव्हती. ती लिंबापाशी आली. थांबली. खालच्या वाटेकडं तोंड करून तिनं वास घेतला. बबनरावांनी श्वास धरला. मग तिनं मान वळवून मागं आबांकडं बघितलं.

आबांची जीभ आपोआप टाळूला लागली. एक 'ट्रर्र' काढायचं राहिलं होतं. तेवढंच. आबा अर्धं पाऊल खालच्या बाजूला सरकले असते आणि जीभ हलली असती, तर भुरी आली असती. कुणाला कळलंही नसतं. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडातून काय काय आवाज निघतात, कोण त्याचा अर्थ लावतं? पलीकडं तवा तापला असेल. आणि तेव्हाच, भुरी तशी बघत असताना, आबांना पावसाळ्यापासूनच्या सगळ्या संध्याकाळी आठवल्या. लिंबापाशी थांबलेली भुरी आणि तिला वर बोलावणारे आपण. मेंढरू वाट विसरत नाही, हे खरं होतं. तिला नवी वाट शिकवली होती, तीही ती विसरली नव्हती.

आबांनी जीभ खाली घेतली. तोंड मिटलं.

भुरीनं क्षणभर वाट बघितली. मग ती वरच्या वाटेला वळली, दुडक्या चालीनं, रोजच्यासारखी. गायरानापाशी जाऊन बाभळीच्या शेंगा खायला लागली.

एकच गलका झाला. मच्छिंद्रनं कुठून तरी गुलाल आणलेला होताच. त्यानं भुरीच्या पाठीवर उधळला. पोरांनी तिच्याबरोबर फोटो काढले. संध्याकाळपर्यंत ती सगळ्या तालुक्याच्या मोबाइलात पोहोचली. निवडून आलेल्या माणसासारखी दिसत होती, म्हणजे काय झालं ते तिला कळलेलं नव्हतं. ठराव झाला: 'सर्वानुमते, वरच्या जागी'. सत्यजीत साहेब तो वाचून म्हणाले, "इतकं एकमत मी कुठल्याच गावात पाहिलं नाही हो." शेवंताबाई म्हणाल्या, "आमचं गावच समजदार हाय," आणि साहेबांना चहा पाजून लवकर वाटेला लावलं.

हनुमंत त्या दिवशी आबांच्या शेजारी ताटावर बसला. जेवताना म्हणाला, "आबा, मी सुट्टीच्या दिवशी तुमास्नी गाडीवर नेत जाईन ताईकडं."

"ने की," आबा म्हणाले. गाडीवर बसायला गुडघा किती वाकवावा लागतो, हे दोघांनाही माहीत होतं. त्यातून सुट्टीच्या दिवशी हनुमंत दुपारपर्यंत मेल्यासारखा झोपायचा.

बबनराव दुसऱ्या दिवशी आले. ओट्यावर बसले. हातातला पेपर उघडला.

"ती वळून बघत होती," ते म्हणाले. "मी तिथनं बघितलं. तू हाक मारायला हवी होतीस."

"हाकंनं आलेली मेंढी माझ्याकडं आली असती, बबनराव. नदीकडं न्हाई."

"असेल. तुझा नियम आहे, तू पाळलास." बबनरावांनी पेपरची घडी घातली. "पण मत घेतलं असतं ना हरिबा, तर मी हरलो असतो. हरलोच असतो, मला माहीत आहे. पण मोजून हरलो असतो. आता वस्तीतल्या पोरांना काय सांगू, थांबा कुणी हलवला? मेंढीनं?"

आबांनी काठीनं मातीत एक रेघ ओढली आणि पायानं पुसली.  मेंढीची युक्ती त्यांची होती आणि बबनरावांचा विरोध त्यांनीच डोळा मारून बंद केला होता.

"च्या घ्या," ते म्हणाले.

"नको रे," बबनराव उठत म्हणाले. "आज नको." चहाला नाही म्हणालेले बबनराव आबांनी पहिल्यांदाच बघितले.

साधनाचा फोन आला. आबांनी या वेळी नीट तोंड दाखवलं, तर तीच दुसरीकडं बघत होती.

"वरनं झाला तर झाला, आबा," ती म्हणाली. "दादाचे हाल तरी वाचतील. बरंच झालं की."

"व्हय. बरंच झालं."

"वरनं आमच्याकडं यायला..." तिनं मनातल्या मनात अंतर मोजलं असावं, कारण ती मधेच थांबली. आतून विहीणबाईंची हाक आली. "जेवलात का?" तिनं घाईघाईनं विचारलं.

आबांनी पोटावरून हात फिरवला.

वर खडकावर मोजमापं सुरू झाली. लाल झेंडे लागले, यंत्र आलं. सगळं गाव ते बघायला वर जायला लागलं. खालची वाट मोकळी पडली. तेव्हा आबा खाली गेले. किती तरी महिन्यांनी. वस्तीतून जाताना बबनराव दारात उभे होते. त्यांनी मान हलवली, आबांनीही हलवली. अजून त्यांचं तेवढंच चालू होतं. भुरीला त्यांनी बरोबर घेतलं नव्हतं. ती लिंबापासून आपली आपण वर गेली होती, सवयीनं.

तुटक्या टोकावर बाभळीचं रोप उगवलं होतं. पलीकडं साधनाच्या छपरातून धूर निघत होता. चूल पेटली होती म्हणजे. आबा बराच वेळ उभे राहिले. ती बाहेर येईना. तिला काय माहीत, आज कोण आलंय ते? अंगणात धुणं होतं, शेळी होती, ती नव्हती.

साधना लहान असताना कळपात मेंढरांबरोबरच वाढली. कोकरांना हाक मारली की कोकरांच्या आधी ती धावत यायची. आबांनी काठी टेकवली, पुढं वाकले, जीभ टाळूला लावली आणि छातीत होता नव्हता तेवढा वारा घालून हाक दिली. "ट्रर्र... ट्रर्र..."

वारा पलीकडून वाहत होता. धूर तसाच निघत राहिला. दारात कुणी आलं नाही.

मागं खुरांचा आवाज झाला. आबांनी वळून बघितलं. गायरानाच्या अंगानं, बांध ओलांडत, वाळलेला गुलाल अजून पाठीवर घेऊन, भुरी जीव तोडून पळत येत होती. येऊन ती त्यांच्या पायाशी उभी राहिली आणि पलीकडच्या छपराकडं तोंड करून थांबली.

"आता आलीस व्हय," आबा म्हणाले.